कोहळा

सेकंड शिफ्ट सुटली तरी हाताला कूलंटचा वास राहतो.
साबणानं जात नाही.
तोच हात कंट्रोलरवर.
उद्यमनगरातनं घरी यायला साडेबारा,
आणि माझा भाचा धैर्यशील, वय अकरा, टक्क जागा:
"मामा, आज म्हाताऱ्याला पाडायचाच."

म्हातारा म्हणजे गेममधला शेवटचा.
त्याला नाव आहे, आम्हाला ते उच्चारता येत नाही.
त्यानं नदी गोठवली.
खाली सात गावं वाळली,
माणसं विहिरीच्या तळातनं वाटीनं पाणी खरवडतात
आणि आपण निघालोय तलवार घेऊन,
पाणी सोडवायला.
सरळ हिशेब.

आठ रात्री त्यानं आम्हाला लोळवलं.
नवव्या रात्री त्याची पट्टी अर्धी झाली
आणि तो लढायचाच थांबला.
पाठ फिरवली.
खाली बर्फात काहीतरी होतं, त्यावर वाकला,
अंगरखा पसरून झाकायला लागला.
कॅमेरा आपोआप जवळ गेला.
लहान मुलीची चप्पल. एकच.

"पाठ दिसतीय, मामा! मार की!"

एकोणीस सालच्या पुरात
शाहूपुरीतल्या आमच्या खोलीत पाणी दारातनं आलंच नाही.
मोरीतनं आलं, गुपचूप,
उसने पैसे मागायला आल्यासारखं.
तिसऱ्या दिवशी बोटीत चढताना
आई मागं वळून नदीला म्हणाली,
"थांब की गं जरा."
भिंतीवरची रेघ माझ्या छातीला लागते.
दोनदा रंग दिला, वर येतीच.
त्या दिवशी मला कुणी बटण दिलं असतं,
पंचगंगा आहे तिथं गोठवायचं,
तर उन्हाळ्यात शिरोळकडची रानं काय पितील
हा विचार मी केला असता?
खोटं कशाला बोलू.

तलवार खाली ठेवायचं बटण आहे. ठेवली.
म्हातारा तसाच वाकलेला.
मागं चालत गेलो, दार बंद.
सोडून द्यायचं बटण
बनवणाऱ्यांनी ठेवलेलंच नाही.
"झोप," धैऱ्याला म्हटलं. "उद्या पंचमी आहे."

टेंबलाईच्या टेकडीवर ऊन, धूळ, नारळाच्या शेंड्या.
एक लहान पोर, हातात त्रिशूळ,
एक घाव,
आणि कोहळा फुटला.
मग झुंबड. माणसांवर माणसं.
कुणाचा तरी कोपर माझ्या बरगडीत,
आणि माझ्या मुठीत एक फोड,
पांढरी, गार, बियांसकट.

"हा त्यो कोल्हासुर," आई उतारावर सांगत होती,
दरवर्षी सांगते.
"मरताना म्हणला, गावाला माझं नाव राहू दे.
दिलं तिनं."

दरवर्षी ऐकतो. या वर्षी तिथंच अडकलो.
म्हणजे जिनं मारलं
ती त्याचं बोलणं होईतो थांबली होती.
रक्ताळलेला त्रिशूळ हातात,
आणि कान त्याच्याकडं.

मिरजेच्या स्टँडवर कंडक्टर दिवसभर
त्यालाच हाका मारतात,
कोल्हापूर, कोल्हापूर, कोल्हापूर,
आणि माणसं पिशव्या सावरत
पळत जाऊन त्याच्यात बसतात.
दचकत कुणी नाही.

रात्री परत बसलो.
तलवार उचलायच्या आधी मिनिटभर तसाच राहिलो.
काही बोलला तर बोलू दे म्हटलं.
त्याला संवादच लिहिलेला नव्हता.
मारलं.
बर्फ तडकला, नदी सुटली,
सात गावांत ढोल, आभाळात आतषबाजी,
मग काळ्या पडद्यावर नावं, शेकडो,
ज्यांनी ज्यांनी त्याला बनवला त्यांची.

धैऱ्या ओरडला नाही.
गुडघे पोटाशी घेऊन बघत बसला.
नावं संपत आली तसा म्हणाला,
"मामा, ती चप्पल?"

"गेली असंल वाहत."

"कुठं?"

"खाली," म्हटलं. "शिरोळकडं."

स्वयंपाकघरात ताटलीत कोहळ्याची फोड होती.
तिला पाणी सुटलं होतं.